हृदय थांबलेले असताना जे दिसले, त्यावरून मरणानंतरचे काय कळते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६४ वर्षांच्या वडिलांची हृदयक्रिया रुग्णालयात दाखल असतानाच बंद पडली, छातीवर दाब आणि शॉक देऊन ती पुन्हा सुरू करण्यात आली, आणि व्हेंटिलेटर काढल्यावर त्यांनी मुलीला सांगितले की दोन काळेसावळे पुरुष मला दंडाला धरून घेऊन गेले, तिथे बसलेल्या एकाने मोठी वही उघडून पाहिली आणि 'हा तो नव्हे, याला परत न्या' असे म्हटले. पुढे घरी आल्यावर कळले की त्याच आठवड्यात शेजारच्या गावात त्यांच्याच नावाचे एक गृहस्थ वारले होते. मुलगी विचारते, की यावरून मरणानंतर काही आहे असे धरावे काय, वैद्यकशास्त्र याला निव्वळ भ्रम म्हणते काय, आणि 'माझ्याऐवजी दुसरा गेला' या विचाराने खचलेल्या वडिलांना काय सांगावे.

मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर आहे आणि अशा हकिगती रुग्णांच्या तोंडून अनेकदा ऐकल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट स्पष्ट सांगायची, ती ही की आपले वडील खोटे बोलत नाहीत, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालेला नाही, आणि घरात कोणी त्यांना हसू नये. हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्यांपैकी साधारण दहातला एक ते पाचातला एक जण अशा स्वरूपाचा अनुभव सांगतो, असे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. पुष्कळ रुग्ण तर विचारल्याशिवाय सांगतच नाहीत, कारण लोक वेड्यात काढतील अशी त्यांना धास्ती असते. मात्र या अनुभवावरून परलोकाबद्दल अनुमान काढायचे असेल, तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि माझ्या मते साऱ्या वादाचे मूळ तिथेच आहे. तो प्रश्न म्हणजे हा अनुभव नेमका कोणत्या क्षणी आला.

बोलताना आपण सहज म्हणतो की ते मरून परत आले. परंतु हृदय थांबणे हा मृत्यू नव्हे, मृत्यूच्या प्रक्रियेचा तो एक टप्पा आहे, आणि त्या टप्प्यावरून मागे फिरता येते म्हणून तर आम्ही धावपळ करतो. रक्तपुरवठा तुटल्यावर काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो आणि दहा ते तीस सेकंदांत ईईजीवरची, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखावरची, रेघ सपाट होते, हे खरे; पण त्या वेळी मेंदूच्या पेशी मेलेल्या नसतात, त्यांनी काम थांबवलेले असते, आणि कायमची हानी व्हायला त्यानंतर काही मिनिटे जावी लागतात. हृदयसुद्धा एकदम हार मानत नाही. जीवरक्षक उपचार काढून घेतलेल्या रुग्णांच्या हृदयाच्या नोंदींचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या ४८० नोंदींपैकी ६७ रुग्णांमध्ये थांबलेले हृदय आपोआप पुन्हा थोडा वेळ चालले होते, आणि सर्वांत उशिरा असे घडले ते ४ मिनिटे २० सेकंदांनी. याच्या उलट, आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जेव्हा मेंदूस्तंभाचा मृत्यू (ब्रेन डेथ) घोषित होतो, तेव्हा चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. अशा रीतीने रीतसर मृत ठरलेल्या कोणा रुग्णाने परत येऊन काही सांगितलेले नाही. ज्यांच्या हकिगती आपण ऐकतो, ते सगळे अजून परत येण्याजोगा मेंदू शाबूत असलेले लोक होते.

आता हृदय थांबल्यानंतर खाटेजवळ काय चालते ते पाहा, कारण वडिलांच्या अनुभवाचा कच्चा माल तिथे असण्याचा संभव आहे. मॉनिटरवरची लय बिघडते, सिस्टर हाक देते, खाट सपाट करून पाठीखाली फळी सरकवली जाते. एक जण पायरीवर उभा राहून छातीच्या मधोमध पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देऊ लागतो. दुसरा पिशवीने श्वास देतो. तिसरा घड्याळाकडे पाहत दर दोन मिनिटांनी 'थांबा, लय बघा' असे मोठ्याने म्हणतो. शॉक द्यायचा झाला की 'सगळे बाजूला' अशी आरोळी होते. चांगल्या दाबाने नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव भागाएवढा प्रवाह कसाबसा मिळतो, आणि काही रुग्णांना तेवढाही पुरतो. दाब चालू असताना त्यांनी डोळे उघडले, हात हलवले, दाब देणाऱ्याचे मनगट धरले, आणि दाब थांबताच ते पुन्हा निपचित झाले, असे आमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्यानंतर हृदय सुरू झाले तरी रुग्ण कित्येक तास किंवा काही दिवस गुंगीच्या औषधांखाली असतो, आणि ती उतरत असताना कानावर पडणारे, अंगाला जाणवणारे सगळे अर्धवट स्वरूपात मनात साठत असते. त्यामुळे तो अनुभव हृदय थांबण्याच्या आधीच्या काही सेकंदांतला असू शकतो, दाब चालू असतानाचा असू शकतो, किंवा नंतरच्या गुंगीतला असू शकतो. सांगणाऱ्याला आतून ते ओळखता येत नाही.

एक सेवानिवृत्त एसटी कंडक्टर माझ्या देखरेखीखाली होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सांगितले की मी छताजवळून खाली पाहत होतो, एक दणकट माणूस माझ्या छातीवर वाकला होता आणि कोणीतरी 'दोन मिनिटं झाली' असे ओरडत होते. ते वाक्य तंतोतंत खरे होते आणि त्या शब्दांनी मी स्वतः चकित झालो. पण त्या वेळी छातीवर दाब देत होती ती आमची एक सडपातळ सिस्टर. कानांनी अचूक टिपले होते. चित्र मात्र मेंदूने त्या आवाजाभोवती आणि छातीवरच्या दणक्याभोवती आपल्या अंदाजाने उभे केले होते. ऐकण्याची शक्ती जाताना शेवटी जाते आणि येताना आधी येते, असे आम्ही नव्या डॉक्टरांना शिकवतो, आणि बेशुद्ध रुग्णाच्या उशाशी वाटेल ते बोलू देत नाही, ते यासाठीच.

संशोधनाकडे वळू. १९७५ मध्ये अमेरिकेत रेमंड मूडी यांनी अशा हकिगती एकत्र करून मांडल्यावर या विषयाला 'मृत्युसमीप अनुभव' (निअर-डेथ एक्सपिरियन्स) हे आजचे नाव आणि लोकप्रियता मिळाली. पण रुग्णालयात शिस्तीने नोंदी घेऊन झालेला पहिला मोठा अभ्यास नेदरलँड्सचे हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांचा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दहा रुग्णालयांतल्या ३४४ वाचलेल्या रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. कोणाचे हृदय किती वेळ थांबले होते, कोणती औषधे दिली होती, याच्याशी अनुभवाचा संबंध दिसला नाही, आणि त्यावरून व्हान लोमेल यांनी असे म्हटले की केवळ प्राणवायूची कमतरता हे कारण असते तर तो जवळजवळ सर्वांना आला असता. हा मुद्दा वजनदार आहे. पण 'अनुभव आला नाही' आणि 'आला पण स्मरणात राहिला नाही' या दोन गोष्टी वाचलेल्या माणसाच्या बाबतीत वेगळ्या काढता येत नाहीत, हेही तितकेच खरे. याच अभ्यासातली कवळीची हकीकत जगभर सांगितली जाते: बेशुद्ध अवस्थेत आणलेल्या ४४ वर्षांच्या माणसाची कवळी एका परिचारकाने काढून गाडीच्या खणात ठेवली होती, आणि आठवड्याभराने त्या रुग्णाने त्यालाच ओळखून कवळी कुठे ठेवली ते सांगितले. हकीकत विलक्षण आहे. पण ती त्या परिचारकाच्या आठवणीवर उभी आहे, आणि तोंडातून कवळी निघताना व खण सरकताना रुग्णाला किती जाणवले असेल, हे मागाहून ठरवता येत नाही.

म्हणूनच हृदय थांबलेल्या रुग्णांवर संशोधन करणारे डॉ. सॅम पार्निया यांनी थेट परीक्षा घ्यायचे ठरवले, आणि माझ्या दृष्टीने या क्षेत्रातले हे सर्वांत प्रामाणिक पाऊल होय. रुग्ण छताजवळून पाहत असेल तर फक्त वरूनच दिसेल अशी चित्रे उंच फळ्यांवर ठेवायची, आणि वाचलेल्यांना नंतर विचारायचे. २०१४ च्या निष्कर्षांत तीन देशांतल्या १५ रुग्णालयांमधील २,०६० घटना होत्या. त्यांतले ३३० जण वाचले, १४० जणांशी बोलता आले, १०१ जणांची सविस्तर मुलाखत झाली आणि त्यांतल्या ९ जणांचा अनुभव खऱ्या अर्थाने मृत्युसमीप म्हणण्यासारखा होता. आपल्या उपचारांचे दृश्य पाहिल्याचे व ऐकल्याचे दोघांनी सांगितले आणि त्यांतल्या एकाचे वर्णन पडताळून पाहता आले. परंतु दोघांचेही हृदय थांबले ते फळ्या नसलेल्या जागी. २०२३ मधल्या पुढच्या अभ्यासात चित्रे पडद्यावर आणि शब्द हेडफोनमधून दिले गेले. ५६७ घटनांपैकी ५३ जण वाचले, २८ जणांची मुलाखत झाली; चित्र एकालाही सांगता आले नाही, कानात दिलेले शब्द एकाला ओळखता आले. संख्या इतकी लहान आहे की यावरून कोणी विजयाची आरोळी ठोकू नये. पण जे निघाले ते माझ्या कंडक्टरसाहेबांच्या हकिगतीशी जुळणारे आहे.

याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट आढळली आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. काही रुग्णांत दाब सुरू करून ३५ ते ६० मिनिटे झाल्यावरसुद्धा जागृतीशी सुसंगत अशा मेंदूच्या लहरी मधूनमधून उमटल्या. मिशिगन विद्यापीठात जिमो बोर्जिगिन यांनी २०१३ मध्ये उंदरांमध्ये, आणि २०२३ मध्ये व्हेंटिलेटर काढलेल्या चार रुग्णांपैकी दोघांमध्ये, अखेरच्या क्षणी गॅमा लहरींचा, म्हणजे जाणिवेशी जोडल्या जाणाऱ्या मेंदूच्या वेगवान लहरींचा, जोर वाढलेला नोंदवला. ते दोघे वारले, म्हणून त्यांना काय जाणवले हे कधीच कळणार नाही. तरीही 'मेंदू पूर्ण बंद असताना अनुभव आला' हा दावा ज्या गृहीतकावर उभा होता, ते गृहीतक या नोंदींनी डळमळीत केले आहे.

बोगदा, उजेड, शरीराबाहेर पडणे या सुट्या घटकांची कारणे बऱ्यापैकी समजली आहेत, त्यावर फार रेंगाळत नाही. लढाऊ वैमानिकांना चाचणीच्या यंत्रात गरगर फिरवल्यावर मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर घटतो आणि त्यांना नजर बोगद्यासारखी आक्रसल्याचे व स्वप्नवत दृश्ये दिसल्याचे अनुभव येतात. जिनिव्हात मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांनी २००२ मध्ये अपस्माराच्या एका स्त्री रुग्णाच्या मेंदूत, उजव्या बाजूच्या एका ठरावीक जागी, विजेचा सौम्य प्रवाह दिला तेव्हा तिला आपण वर तरंगून स्वतःला पाहत आहोत असे वाटले. केटामीन हे आमच्या रोजच्या वापरातले भुलीचे औषध देखील पुष्कळांना असा अनुभव देते. त्याहून बोलका आहे १९९० मधला एक अभ्यास. असा अनुभव सांगणाऱ्या ५८ जणांची वैद्यकीय कागदपत्रे तपासली, तेव्हा त्यांपैकी ३० जण मरणाच्या जवळपासही नव्हते, फक्त त्यांना तसे वाटले होते. प्रखर उजेड खरोखर मरणाच्या दारी गेलेल्यांना अधिक दिसला, हे त्याच अभ्यासातले निरीक्षणही सांगायला हवे. पण एरवी दोन्ही गटांच्या हकिगती बऱ्याच सारख्या होत्या. १८९६ मध्ये मदुरेत सोळा वर्षांच्या वेंकटरमणाला, म्हणजे पुढच्या रमण महर्षींना, मृत्यूचा जो साक्षात अनुभव आला, तोही निरोगी शरीरात आला होता. मृत्यूचा हा दरवाजा प्रत्यक्ष न मरताही उघडतो, याचा परलोकाच्या युक्तिवादाशी जवळचा संबंध आहे.

आता चित्रगुप्ताच्या वहीकडे येतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. सतवंत पसरिचा आणि व्हर्जिनिया विद्यापीठातील इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या १६ हकिगतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वाचताना आपल्या वडिलांचेच बोलणे वाचत आहोत असे वाटते: दूत येतात, ओढून किंवा धरून नेतात, वही किंवा कागद घेऊन बसलेला माणूस नाव तपासतो, चूक झाली म्हणून परत पाठवतो, आणि कधीकधी त्याच नावाचा दुसरा माणूस त्याच सुमारास वारल्याचे सांगितले जाते. अमेरिकेतल्या हकिगतींमध्ये कारकुनी चूक जवळजवळ नसते. तिथे 'तुझे काम अजून बाकी आहे' असे कोणी दिवंगत नातेवाईक सांगतात. परलोक एकच असेल तर त्याचे कार्यालय देशागणिक बदलावे, हे मला पटत नाही. आपल्याकडे घरात कोणी गेले की तेराव्यापर्यंत गरुडपुराण वाचतात, यमदूत आणि चित्रगुप्त लहानपणापासून कानावर असतात, आणि मेंदू घाबरलेल्या अवस्थेत कथा रचतो तेव्हा ती हाताशी असलेल्या पात्रांनीच रचतो. स्टीव्हन्सन स्वतः मरणोत्तर अस्तित्वाची शक्यता गंभीरपणे मानणारे होते, आणि संस्कृतीप्रमाणे रूप बदलले म्हणून मूळ अनुभव खोटा ठरत नाही, असा युक्तिवाद या बाजूने करता येतो. तो करता येतो, हे मी मान्य करतो. पण मग त्या अनुभवातला कोणता भाग तिकडची बातमी आहे आणि कोणता इकडचा संस्कार, हे ओळखण्याचे साधन आपल्या हाती उरत नाही.

वडिलांच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट सुचते. आपत्कालीन कक्षातून अतिदक्षता विभागात हलवताना दोन वॉर्डबॉय रुग्णाला दंडाला आणि चादरीला धरून उचलतात, नव्या खाटेजवळ कोणीतरी फाइल उघडते, मनगटावरची पट्टी आणि फाइलवरचे नाव जुळते का ते मोठ्याने वाचते, आणि एखाद्या वेळी 'हा तो पेशंट नाही, हा दुसऱ्या खाटेचा' असेही ऐकू येते. अर्धवट शुद्धीतल्या माणसासाठी यात दूत आहेत, वही आहे, नावाची तपासणी आहे. तसेच घडले असेल असा माझा आग्रह नाही. पसरिचांच्या हकिगती तर बऱ्याचशा खेड्यातल्या घरांमधल्या आहेत, तिथे हे लागू पडत नाही. पण रुग्णालयात हे रोज घडते.

काही विद्वान म्हणतात की मेंदू जाणीव निर्माण करत नाही, रेडिओने लहरी पकडाव्यात तशी ती बाहेरून पकडतो, म्हणून यंत्र बंद पडले तरी कार्यक्रम चालूच असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच धर्तीचा विचार मांडला होता. तर्काने तो खोडून काढता येत नाही. पण रेडिओ बिघडला तर आवाजात खरखर येते, निवेदकाचा स्वभाव बदलत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की शांत माणूस तापट होतो आणि अल्झायमरमध्ये आई मुलाला परका समजू लागते, हे आम्ही रोज पाहतो. जाणीव पदार्थातून कशी उमलते याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे नाही. त्यामुळे मरणानंतर काहीच नाही असे मी वैद्यक म्हणून ठामपणे म्हणू शकत नाही. मला म्हणायचे ते एवढेच, की आपल्या वडिलांचा अनुभव त्या प्रश्नाचा पुरावा होऊ शकत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. आत्म्यावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती आपल्या परंपरेच्या आधारावर ठेवावी; आमच्या आयसीयूच्या नोंदींवर ती उभी करू नये, कारण नोंद बदलली की श्रद्धाही हलेल.

एक गोष्ट मात्र या संशोधनाने मला दिली आहे आणि ती मी नातेवाइकांना मनापासून सांगतो. बाहेरून भयंकर दिसणाऱ्या त्या क्षणी आत वेदना असेलच असे नाही; वाचलेल्यांपैकी अनेकांनी विलक्षण शांती सांगितली आहे, आणि व्हान लोमेल यांच्या रुग्णांमध्ये आठ वर्षांनंतरही मृत्यूची भीती कमी झालेली होती. काहींचे अनुभव भयाचेही असतात, आणि ते लाजेने दडवले जातात. वडिलांचा अनुभव त्या दुसऱ्या जातीचा आहे काय, हे त्यांना हळुवार विचारा. 'मग काय झाले' एवढेच विचारावे, 'उजेड दिसला का' असे सुचवू नये, कारण सुचवलेले पुढच्या वेळी आठवणीत जाऊन बसते. त्यांनी सांगितलेले एकदा तारखेसह लिहून ठेवा, आणि पाहुण्यांपुढे पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. झोप उडाली असेल, रात्री दचकून जागे होत असतील, जेवण तुटले असेल, तर ते आजारपणानंतरचे नैराश्य असू शकते. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. 'आता मला मरणाची भीती नाही' असे म्हणत कोणी गोळ्या बंद करतात, त्याकडे विशेष लक्ष असू द्या. पुन्हा अशी लय बिघडू नये म्हणून छातीत आयसीडी, म्हणजे लय बिघडताच आपोआप शॉक देणारे यंत्र, बसवण्याची गरज आहे काय, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना पुढच्या भेटीत जरूर विचारा.

राहिले ते दुसरे गृहस्थ. आपल्याकडच्या नावांचा विचार करा: पांडुरंग, दत्तात्रय, विठ्ठल, ज्ञानदेव या नावांची त्या वयाची माणसे प्रत्येक गावात आहेत, आणि आठवड्याभरात आसपासच्या दहा-पंधरा गावांत त्यांतले कोणी वारणे यात नवल काही नाही. शिवाय आपण आठवडाभराची मुदत घेतली आणि मुद्दाम चौकशी केली, म्हणून ते सापडले. वडिलांना हे गणित एकदा समजावून सांगा, आणि त्याबरोबर हेही सांगा की त्या गृहस्थांचा मृत्यू त्यांच्या स्वतःच्या आजाराने झाला, आणि वडील वाचले ते त्या रात्री ड्युटीवर असलेल्यांनी वेळेत छातीवर दाब देऊन शॉक दिल्यामुळे. कोणाचे आयुष्य कोणाला गेले नाही. त्यांना मनःशांतीसाठी त्या गृहस्थांच्या नावाने काही दान करायचे असेल तर करू द्यावे, त्यात वैद्यकाची हरकत नाही. त्या घरी भेटायला जायचे म्हणत असतील तर सांत्वनाला जावे, पण वहीची हकीकत त्या कुटुंबाला सांगू नये. नुकतेच माणूस गेलेल्या घरात ती ऐकून कोणाला काय वाटेल, याचा नेम नाही.